चढाच्या पायथ्याशी

देवासमधल्या एका जोड्यांच्या दुकानात मी आणि एक अनोळखी काका एकाच कामाला आलो होतो. मांडूच्या डोंगरातली लांब शर्यत धावायची होती. ते पन्नाशीचे, मी अगदी नवखा. प्रत्येक जोडा चढवून ते दुकानाबाहेरच्या उतारावर पळत सुटायचे. दुकानदार ओरडायचा, "काका, रोड पे नहीं!" शेवटी त्यांनी एक नंबर मोठा घेतला. "उतारावर नखं वाचतात, भिया," ते खास माळवी ढंगात मला भाऊ करत म्हणाले. मीही तसाच घेतला. नाव विचारायचं राहूनच गेलं.

मग रोज सकाळी ते सरावाला टेकडीवर दिसायचे, पण अनवाणी. नवे जोडे खाली फुलवालीपाशी.

विचारलं तर म्हणाले, "देवीची टेकडी. आईनं कधी जोडे घालून चढू दिलं नाही."

मग मीही जोडे काढू लागलो.

शर्यतीत पहिला चढ आला. बघतो तर हे पायथ्याशी बसून लेस सोडतायत! माझ्याकडे बघून स्वतःच हसले. "आई अजून टोकते, भिया." पुन्हा गाठ मारली आणि पळाले.

देवास सुटून वर्षं झाली. पण अजूनही चढ समोर आला की माझा हात आधी लेसकडे जातो.