पाराकडं उघडणारं दार

शिक्षिका म्हणून मला मिळालेला पहिला सल्ला फळा, खडू किंवा पाढे यांच्याबद्दल नव्हता. शाळेत रुजू झाले त्या दिवशी आमच्यातल्या सर्वांत जुन्या बाईंनी, सगळ्या त्यांना मोठ्या बाई म्हणत, मला खिडकीपाशी नेलं आणि हळू आवाजात सांगितलं, "सकाळी चहा अर्धाच घ्यायचा. पाणी शाळा सुटेपर्यंत नाही. तोंड सुकलं तर लवंग धरायची."

मला वाटलं, यांचा उपास असेल. मग त्यांनी बाहेर बोट दाखवलं. सपाट माळ, एक बाभूळ आणि गावात जाणारा उघडा रस्ता. बाईमाणसाला आडोसा म्हणून कुठं नव्हता.

शाळा औरंगाबादहून बिडकीनकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात होती. इमारत निजामाच्या काळातला जकातनाका. पोलीस ॲक्शननंतर ती रिकामी पडली आणि तिथं वर्ग भरू लागले. नाक्यावरचे शिपाई भिंतीमागं जात, पुढं आमचे मास्तरही तसेच जाऊ लागले. आम्ही बायका सकाळच्या एसटीनं यायचो, संध्याकाळच्या एसटीनं परतायचो. मधला दिवस धरून ठेवायचा.

मी शहागंजातल्या भाजीवाल्याची मुलगी. वडील गेल्यावर गाडा मीच चालवला, त्यावरच शिकले, मास्तरीण झाले. शेजारच्या फळवाल्या खालानं मला धंद्याचं एकच सूत्र दिलं होतं, "पैले भाव बोला, सो मरा." जो आधी किंमत बोलतो, तो बुडतो. सडक्या टोमॅटोवरून मी दलालाशी भर बाजारात भांडलेली आहे. आणि तीच मी लवंग तोंडात धरून मुकाट उभी राहिले. याचा मला आजही धक्का बसतो. चार महिन्यांत मला त्याची सवय झाली होती.

दुपारनंतर डोकं ठणकायचं. शेवटच्या तासाला मुलं फार वांड होतात, असं आम्ही एकमेकींना सांगायचो. मुलं सकाळी होती तशीच असायची. आमचाच घसा कोरडा, ओटीपोटात कळ, आणि कुणाची पाटी पडली तरी आम्ही अंगावर धावून जायचो.

एके दिवशी भागाकार शिकवता शिकवता मोठ्या बाई टेबल धरून खाली बसल्या. अंगात ताप, हुडहुडी. उसाच्या ट्रॅक्टरमधून त्यांना शहरात सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि विचारलं, दिवसाकाठी पाणी किती पिता? बाईंनी आधी नवऱ्याकडं पाहिलं, मग मान खाली घालून सांगितलं की शाळा असली की पीत नाही. किती वर्षं, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, नोकरी लागल्यापासून.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे तुम्हाला करायला सांगितलं कुणी?"

"माझ्या आधीच्या बाईंनी," बाई म्हणाल्या. जशी काही चालत आलेली रीतच.

एक मूत्रपिंड निकामी झालं होतं. दुसरं सांभाळायचं असेल तर भरपूर पाणी प्यायचं आणि लघवी अडवायची नाही, असं बजावलं. बाईंची नोकरी अजून बरीच बाकी होती आणि घर त्यांच्याच पगारावर चालत होतं.

दुसऱ्या दिवशी मी सरपंचांना गाठलं. त्यांच्या नातीला शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवायचं होतं आणि शाळेत तिची तयारी करून घेणारं कुणी नव्हतं. शाळेआधी शिकवता येईल, एवढंच मी म्हणाले आणि गप्प बसले. त्यांना गप्प बसवेना.

"मग शिकवा की. काय पायजे, बोला."

बायकांसाठी संडास, मी सांगितलं. ते हसले. आमच्या बाया जात्यातच की माळावर, म्हणाले. त्या अंधारात जातात, मी म्हणाले, आम्ही दिवसा उजेडी वर्गापुढं असतो. सौदा झाला. विटा आल्या, गवंडी आला. मी अंधारातून उठून पहाटेची गाडी पकडायला लागले आणि त्या मुलीला शिकवायला लागले.

मोठ्या बाई रजेवरून परतल्या तेव्हा बांधकाम पुरं झालं होतं. काम चालू असताना भोवती गोणपाट होतं, ते आदल्या दिवशी सुट्टीत निघालं, म्हणून मीही ते पाहिलं नव्हतं. मोठ्या तोऱ्यात त्यांना दाखवायला घेऊन गेले आणि जागीच थांबले. दार थेट शाळेसमोरच्या पाराकडं उघडत होतं. पारावर दिवसभर गावातले पुरुष तंबाखू मळत बसायचे. दारावर तांबड्या रंगात सरपंचांचं नाव होतं, एसटीतून वाचता येईल एवढं. पारावरची सगळी तोंडं आमच्याकडं वळली. एका म्हाताऱ्यानं तर अदबीनं पाय आखडून वाट दिली. बाई मागं फिरल्या, वर्गात गेल्या आणि त्यांनी पदराच्या गाठीतली लवंग काढली.

मी सरपंचांच्या ओसरीवर गेले. दार मागं फिरवा म्हणाले.

"मागं कोण वाचणार नाव?" त्यांनी खरोखर विचारलं. "तुमी लई तापट हायेत, बाई. धर्माची गाय अन् दात का नाय, असं झालं तुमचं."

"धर्माची कुठली? रोज तुमच्या नातीला शिकवून फेडतेय मी."

दुसऱ्या दिवसापासून ती शिकवणी मी बंद केली. मुख्याध्यापक घाबरले, बदली होईल म्हणाले. मास्तर मंडळी म्हणाली, एवढं बांधून दिलं तरी हिचं समाधान नाही. ज्यांच्यासाठी भांडत होते त्या बाकीच्या बायकाही खाली बघत राहिल्या. ते मी विसरलेले नाही. परीक्षा जवळ आली तसा गवंडी पुन्हा आला. पुढचं दार विटांनी बुजवलं, मागं नवं पाडलं. नाव पुढंच राहिलं, कोऱ्या भिंतीवर. शाळेत सोय केली म्हणून मुख्याध्यापकांना शाल-नारळ मिळाला. मला कुणी पुढं बोलावलं नाही.

नव्या शिक्षिका भेटल्या की मी सांगते, रुजू व्हायच्या आधी संडास कुठं आहे ते विचारा आणि त्याचं दार कुठं उघडतं ते स्वतः जाऊन बघा. पाठाचं टाचण मागाहून शिकाल.

दार फिरलं त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी तांब्याभर पाणी मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी दोन घोट घेतले आणि तांब्या बाजूला सारला.

"पुरे गं. तहानच लागत नाही आता."

मी रागावले. डॉक्टरीणबाईंच्या बोलण्याची आठवण करून दिली, मुलांसमोर आवाज चढवला. दोन नको तर एक घोट, म्हणून घासाघीस केली. माझं मन राखायला त्यांनी एक घोट घेतला. मग घंटा झाली आणि त्या फळा पुसायला उठल्या. तांब्या जवळजवळ भरलेलाच होता.