काच कोणी वाजवली?

मंडळी, भूतखेत, आत्मा वगैरेंवर माझा कधीच विश्वास नव्हता... आजही आहे असं नाही. मी गाडीवाला माणूस. काही बिघडलं तर त्याला कारण असतं आणि खोलून बघितलं की ते सापडतं, एवढंच मला कळतं. पण काकूच्या वेळचं कारण मात्र सापडलं नाही.

२००२-०३ ची गोष्ट. औंढा तालुक्यात आमचं गाव. घरी शेती, थोड्या शेळ्यामेंढ्या आणि माझी एक जुनी पिकअप. काकू नांदेडला दवाखान्यात होती. सकाळी ती गेली आणि दुपारी आम्ही तिला माझ्याच गाडीतून घरी घेऊन निघालो. मी चालवत होतो, शेजारी धाकटा भाऊ गणेश. मागे हौद्यात काकू, डोकं केबिनकडे; आणि तिच्या पायाशी, पार मागच्या फाळक्याजवळ काका बसलेले.

वसमत मागे पडलं. आभाळ भरून आलेलं, रस्ता उखडलेला. शिरड शहापूरच्या अलीकडे केबिनच्या मागच्या काचेवर टकटक झाली. मागे बसलेला माणूस गाडी थांबवायला वाजवतो, तशीच. मी गाडी बाजूला घेतली.

"काय झालं काका?"

"काहून थांबलास? म्या न्हाई वाजवलं."

भास झाला असेल म्हणून निघालो. जरा पुढे गेलो तर पुन्हा... या वेळी जोरात. गणेशनं दचकून मागे पाहिलं. मी ब्रेक मारला आणि खाली उतरलो. काका जागचे हलले नव्हते. काकूकडे टक लावून बघत होते.

"तिकडूनच आला आवाज," ते म्हणाले. "तिच्या डोक्याकडून."

तेवढ्यात जळक्या ग्रीसचा वास आला. पुढच्या डाव्या चाकाला हात लावला तर चटका बसला. चाक पार खिळखिळं — बेअरिंग संपलं होतं. समोर उतार आणि खाली कठडे नसलेला पूल. तिथपर्यंत गेलो असतो तर चाक निखळलं असतं, आणि आम्ही सगळेच...

काकांना त्याचं काही नव्हतं. "गाडी फिरव. ती हाय अजून. बोलावून राहिली आपल्याला."

मी काकूचा हात हातात घेतला. गार होता, ताठरलेला. पण काका ऐकेनात. मग गणेशला येणाऱ्या जीपनं वसमतला बेअरिंग आणायला पाठवलं आणि एका मोटारसायकलवाल्याला शिरडहून डॉक्टरांना घेऊन यायला विनवलं.

मी जॅक लावला, चाक काढलं, त्यामागचा हब उतरवला. आतल्या बेअरिंगच्या रोलरांचा काळ्या ग्रीसमध्ये चुरा झालेला. जुनी रिंग छिन्नीनं ठोकून काढू लागलो तर वरून काका म्हणाले, "हळू मार रे... तिला तकलीफ व्हईन." त्यानंतर माझा हातोडा काही नीट पडेना.

डॉक्टर आले. त्यांनी नाडी, डोळे, छाती, सगळं तपासलं. "काका, त्या सकाळीच गेल्यात."

"मग काच कोनं वाजवली?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून हब पुसत राहिलो.

गणेश बेअरिंग घेऊन आला. ग्रीस भरून ते बसवलं, चाक मोकळं फिरावं म्हणून नट आवळून किंचित सैल केला, चाक हातानं फिरवून पाहिलं. काही आवाज न करता फिरलं. दिवस मावळायच्या आत गावात पोचलो. स्मशानात काका सारखे "जरा थांबा, जरा थांबा" म्हणत होते. शेवटी लोकांनी दंडाला धरून त्यांना पुढे नेलं.

बेअरिंग गेलं की गाडी थरथरते, त्यानं काच वाजली असेल, म्हणून मी नंतर ती काच मुद्दाम तपासली. घट्ट होती, रबर शाबूत. आणि थरथरणं वेगळं, बोटांनी वाजवणं वेगळं... तुमच्यापैकी कोणाला कळलं तर जरूर सांगा.

गावातले म्हणतात, काकूनं जाता जाता तुम्हाला वाचवलं. असेलही. काकांना मात्र कधी तसं वाटलं नाही. त्यांना वाटायचं, आपण घाई केली. पुढे ते काही वर्षं जगले. मी भेटायला गेलो की घरातले बाहेर जाईपर्यंत गप्प बसायचे, मग हळूच विचारायचे,

"तू तिचा हात धरला व्हतास ना रे? बराबर गार व्हता ना?"

"व्हय काका. गार व्हता."

ते मान हलवायचे... आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच विचारायचे.