डोंगरावर गेलेलं चष्म्याचं दुकान

आमच्या गल्लीतल्या चष्मेताईंनी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी नवी कोरी गाडी घेतली, तेव्हा गल्लीने एकमताने ठरवून टाकलं की बाईंना रिकामपण मानवलेलं नाही.

ताई सव्वीस वर्षं चौकातल्या चष्म्याच्या दुकानात कामाला होत्या. सुरुवातीला फडकं मारायला आणि फ्रेम दाखवायला. मग परीक्षा देऊन नंबर काढायला शिकल्या, आणि पुढे मागच्या खोलीत बसून काचा घासायचं कामही त्यांच्याकडेच आलं. मालक थकले, त्यांच्या मुलांना दुकानात रस नव्हता, आणि एके दिवशी शटर कायमचं खाली आलं. काचा घासायचं यंत्र मालकांनी ताईंना देऊन टाकलं. म्हणाले, "घेऊन जा. माझ्या हाताखाली त्याने कधी धड काम केलंच नाही."

दुकान आवरताना ताईंनी गल्ल्याखालचा मोठा खण उघडला. आत पाकिटंच पाकिटं. प्रत्येकात तयार चष्मा, वर नाव आणि तारीख. न नेलेले चष्मे. ताईंनी मोजले, बेचाळीस निघाले. त्यातल्या तिसाहून जास्त पाकिटांवर पत्ता एकच होता, डोंगरावरच्या वस्तीतला मणीकामाचा कारखाना. कापडावर बारीक मणी शिवणाऱ्या बायका तिथून खाली यायच्या, नंबर काढून जायच्या आणि पुन्हा फिरकायच्या नाहीत. नंबर काढायला एक खाडा आणि चष्मा न्यायला दुसरा. दुसरा खाडा कोण देणार?

त्या रात्री जेवताना ताई यजमानांना म्हणाल्या, "त्या येत नाहीत, तर आपण वर जायचं. खणातल्या चष्म्यांचे नंबर आता जुने झाले. नंबर तिथे काढायचा, काच तिथेच घासायची आणि चष्मा नाकावर ठेवूनच खाली यायचं."

यजमान म्हणजे आमचे काका. एकतीस वर्षं त्यांनी त्या वस्तीकडे जाणाऱ्या घाटात बस चालवली होती. ते भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाले, "यंत्र अडतीस किलोचं आहे. पाठुंगळीला घेऊन जाणार आहेस का?"

"गाडी घेऊ."

काकांच्या एका जुन्या सोबत्याची डिझेलची लांबलचक व्हॅन विकायची होती. काकांचा जीव तिच्यात. पण ती आमच्या गल्लीत वळायची नाही, धोब्याच्या भिंतीपाशीच अडायची. म्हणजे रोज यंत्र उचलून कोपऱ्यापर्यंत न्यायचं. ताईंनी साफ नाही म्हटलं. त्यांच्या मुलीने मग छोट्या इलेक्ट्रिक एसयूव्हीचं नाव काढलं, तर काका हसले. "घाटात इंजिनाचा आवाज ऐकून गाडी चालवायची असते. हिला आवाजच नाही, तर ऐकायचं काय, डोंबल?"

शोरूममध्ये विक्रेता पडद्याची लांबी-रुंदी आणि छताची काच यावर बोलत सुटला होता. ताईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, पर्समधून शिंप्याची टेप काढली आणि मागचं दार उघडून डिकी मोजायला लागल्या.

"ताई, गाडी घ्यायची आहे की कपाट?" विक्रेत्याने विचारलं.

"दोन्ही," ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या यंत्राचं खोकंच घेऊन हजर. मागच्या सीटचा मोठा भाग आडवा पाडला तर खोकं दोन बोटं जागा ठेवून बसलं. शेजारी फ्रेमच्या पेट्या, पाण्याचा कॅन, घडीचं टेबल. आणि तरीही मागे एका माणसाला बसायला सीट उरली. डिकीचा काठ ताईंच्या कमरेला येत होता, म्हणजे घरच्या ओट्यावरून खोकं उचलायचं नाही, नुसतं सरकवायचं. गाडी बाहेरून आटोपशीर, पण चालवायची जागा उंच. ताई बुटक्या, त्यामुळे आजवर कुठल्याही गाडीत बसल्या की त्यांना बॉनेटपलीकडचं काही दिसायचं नाही. इथे पुढचा रस्ता नीट दिसला. शेवटी त्यांनी एकच गोष्ट विचारली, "या बॅटरीवर माझं यंत्र चालेल का?" विक्रेत्याने बाहेरच्या चार्जिंगच्या तोंडाला एक जोडणी लावली. तिला घरात असतो तसा प्लग होता. यंत्र सुरू झालं. ताईंनी तिथल्या तिथे एक काच घासून बघितली आणि मग सही केली.

गाडी चालवायला त्या वर्षभरापूर्वीच शिकल्या होत्या. क्लच नाही, गिअर नाही, हे त्यांच्या चांगलंच पथ्यावर पडलं. महिनाभर त्या गावातच फिरल्या. भाजी आणायची, नात शाळेत सोडायची, कुणा अंथरुणाला खिळलेल्याच्या घरी जाऊन नंबर काढायचा. संध्याकाळी ओट्यावरच्या प्लगला गाडी लावायची आणि सकाळी भरलेली घ्यायची. मोबाइलसारखं. धोब्याच्या भिंतीपाशी त्या एका दमात वळायला लागल्या, तेव्हा धोबी इस्त्री खाली ठेवून बघत राहिला.

मग मंगळवार ठरला. आदल्या दिवशी ताईंनी कारखान्याच्या मुकादम बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "या. माझ्या अकरा बायका आता मण्यांवर बसत नाहीत, त्यांना घड्या घालायला बसवलंय. हात चालतात, पण डोळे चालत नाहीत. मी तरी काय करू?"

घाटात एकटीला कशी जाऊ द्यायची, म्हणून काकाही निघाले. निघताना बॅटरी अठ्ठ्याण्णव टक्के. अडतीस किलोमीटरचा रस्ता, त्यातला अर्धा नुसता चढ. पहिल्याच चढाला आकडा भराभर उतरायला लागला आणि काकांनी घसा खाकरला. "परतायला पुरेल ना?"

"तुम्ही समोर बघा."

"मी समोरच बघतोय. तूही समोरच बघ. वळणावर हॉर्न दे."

सगळ्यात वाईट वळणावर काकांची बस दर पावसाळ्यात दम टाकायची. तिथे खडी वर आली होती आणि मध्ये खड्डा होता. गाडीचं पोट उंच होतं. ताईंनी हळूच पाय दिला आणि गाडी न कुरकुरता वर निघून गेली. थोड्या वेळाने काकांनी धरून ठेवलेली दाराची कडी सोडून दिली.

वर पोचले तेव्हा सत्तर टक्के उरले होते.

कारखाना म्हणजे एक लांब दालन, दोन्ही बाजूंना खिडक्या आणि खिडक्यांना लागून बाकं. दाराशीच मुकादम बाई उभ्या. चेहरा पडलेला. "ताई, तुम्ही उगाच आलात. पहाटेच ट्रान्सफॉर्मर जळलाय. उद्या संध्याकाळपर्यंत वीज नाही. तुमचं यंत्र कसं चालणार?"

"टेबल दाराजवळ घ्या," ताई म्हणाल्या. "वीज मी आणलीय."

गाडी दाराला पाठ करून लावली. काकांनी वायर ओढून आत आणली. यंत्राने घरघर सुरू केली तशी सगळ्या बाकांवरची डोकी वर झाली.

ताईंनी जवळचं वाचायचा छापील तक्ता बाजूलाच ठेवला. इथे कुणाला वर्तमानपत्र वाचायचं नव्हतं. त्यांनी मुकादम बाईंकडून एक सुई, दोरा आणि चिमूटभर बारीक मणी मागून घेतले, आणि त्यांचाच तक्ता केला. पहिली बाई पन्नाशीची होती, चार वर्षं घड्या घालत होती. ताईंनी तिच्या नाकावर नंबर काढायची जड चौकट ठेवली आणि एकेक काच टाकत गेल्या.

"हिने बरं दिसतं की हिने?"

"दोन्हीने सारखंच."

"आता?"

बाईने सुई उजेडाकडे धरली. मग म्हणाली, "सुईला भोक आहे."

बाजारात तयार चाळिशी मिळते हे ताईंना माहीत होतं. या बाईने दोन घेऊन टाकूनही दिल्या होत्या. डोकं दुखायचं. कारण साधं होतं, तिच्या दोन डोळ्यांचे नंबर वेगवेगळे होते आणि एका डोळ्याला तिरका, म्हणजे सिलिंड्रिकल नंबरही होता. अशी काच घासूनच द्यावी लागते. ताईंनी काच यंत्रात बसवली, पाणी सोडलं. वीस मिनिटांत चष्मा तयार. कानामागच्या काड्या गरम पाण्यात वाकवून बेतल्या आणि चष्मा नाकावर ठेवला.

बाईने दोरा ओला केला नाही, टोक वळलंही नाही. सरळ सुईतून ओवला, पहिल्याच झटक्यात. एक मणी उचलला, कापडावर टाचला, त्याच्या शेजारी दुसरा. दहा मणी झाल्यावर तिने मान वर केली आणि मुकादम बाईंना विचारलं, "माझी जागा कुठली?"

मुकादम बाईंनी बाकाकडे बोट केलं. "खिडकीजवळची. आत्ताच बस."

त्यानंतर नुसती झुंबड. काकांच्या अंगात एकतीस वर्षांची बस संचारली. "एकामागून एक. आत जाणाऱ्यांना वाट द्या. ज्यांचं झालंय त्यांनी पुढे सरका." पाण्याचा कॅनही तेच भरून आणत होते. बायका हसत होत्या आणि रांगेत राहतही होत्या. दुपारी शाळेचे मास्तर आले, पोस्टमन आला, एक सुतार आला. यंत्र थांबत नव्हतं. मध्येच काका बाहेर जाऊन आकडा बघून यायचे. तिसऱ्यांदा आले तेव्हा ताईंच्या कानाशी वाकून म्हणाले, "सहासष्ट आहेत अजून. तू चालू दे."

साडेचारपर्यंत सतरा चष्मे झाले. अकरांतल्या दहाजणी आपापल्या जुन्या बाकांवर परत बसल्या होत्या. अकरावी सगळ्यांत थोरली, तिला सगळे माई म्हणत. तिला कुठल्याच काचेने दिसेना. ताईंनी टॉर्चचा झोत टाकून डोळे नीट तपासले.

"माई, तुम्हाला चष्मा नाही देत मी. मोतीबिंदू पिकलाय. ऑपरेशन झालं की बघा, मणी मोजाल."

"खाली कोण नेणार मला?" माई म्हणाल्या. ताईंकडे मागची एक सीट रिकामी होती.

माईंनी दोन लुगडी एका पिशवीत भरली आणि खोक्याशेजारी येऊन बसल्या. गाडी घाट उतरायला लागली. बरीच वळणं झाल्यावर माईंनी काकांच्या खांद्याला बोट लावून विचारलं, "सुरू कधी करणार?"

काका मनापासून हसले. "माई, निम्मा घाट उतरलो आपण."

उतारावर ताई ब्रेकला जेमतेम पाय लावत होत्या. गाडी स्वतःच वेग धरून ठेवत होती आणि आकडा वर चढत होता. बासष्टवर निघाले होते, पायथ्याशी पासष्ट. काकांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "एकतीस वर्षं या घाटाने माझं डिझेल खाल्लं," ते म्हणाले, "आणि हिला उलट देतोय."

माईंना त्याच संध्याकाळी खाली गावातल्या त्यांच्या भाचीच्या घरी सोडलं. पुढच्या आठवड्यात एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, महिन्याने दुसऱ्याचं. तपासणीला त्यांना ताईच नेत-आणत होत्या.

मुकादम बाईंनी नंतर फोनवर सांगितलं की एक मोठं काम त्या नाकारणार होत्या, माणसं कमी पडत होती म्हणून. ते आता घेतलं आणि वेळेआधी दिलंसुद्धा. वर आता नियम झालाय, डोळ्यांची तक्रार आली तर आधी ताईंचा दिवस बघायचा, बाक नंतर बदलायचं. पलीकडच्या दोन वस्त्यांनीही निरोप पाठवलेत. मंगळवार भरला, गुरुवारही भरला.

परवा मी ओट्यावर उभा होतो. ताई गाडीत खोकं सरकवत होत्या आणि काका फ्रेमच्या पेट्या मोजून देत होते. मी विचारलं, "आज कुठे?"

"घाटाच्या पलीकडे," ताई म्हणाल्या. "विणकरांची वस्ती आहे. तिथे अजून कुणीच गेलेलं नाही."

पेट्या संपल्या तसे काका जाऊन चालकाच्या जागेवर बसले. ताईंनी त्यांना तिथून उठवलं, पेट्यांची यादी त्यांच्या हातात दिली आणि स्वतः स्टिअरिंगमागे बसल्या. धोब्याच्या भिंतीपाशी गाडी वळली आणि दिसेनाशी झाली.