भोंग्याच्या गाडीवरच्या लाल चकत्या

कारखान्यात त्याला सगळे भोंगा म्हणायचे आणि तोही त्या नावाला जागायचा. तो चालवायचा त्या फोर्कलिफ्टचा, म्हणजे माल उचलायच्या गाडीचा, हॉर्न कधीचाच बिघडलेला. साहेबलोकांना सांगून सांगून तोंडाला फेस आला, तेव्हा यानं हॉर्नचं काम आपल्या गळ्यावर घेतलं. गोदामात वळताना "बाजूऽऽ!" अशी आरोळी ठोकली की माणसं भिंतीला चिकटायची. इतक्या वर्षांत कुणाला साधं खरचटलं नाही, हे तो भेटेल त्याला ऐकवायचा.

त्या दिवशी सुरक्षा अधिकारी बाईंनी प्रत्येकाला एक लाल चकती दिली. "जिथे सगळ्यात जास्त भीती वाटते तिथे चिकटवा. जास्त चकत्या जिथे, ती दुरुस्ती आधी. तोवर तिथलं काम बंद."

भोंग्याच्या मनात आपली चकती गोदामाच्या उताराच्या तुटक्या कडेला लावायची होती. पण जेवण उरकून, चकती अंगठ्याला लावून तो गाडीपाशी आला आणि जागीच थिजला. लाल चकत्यांनी गाडीला गोवर उठल्यासारखं झालं होतं.

"कुणाचा चावटपणा हा?"

पॅकिंगच्या बायका खाली बघायला लागल्या. त्यात त्याची भाचीही होती, त्यानंच कामाला लावलेली.

"तू पण चिकटवलीस?"

"हो मामा."

"अगं, मी कधी कुणाला धडकलोय का?"

"अजून नाही. परवा माझ्या कोपराला घासून गेलात. कळलं तरी का तुम्हाला?"

"मी ओरडलो होतो!"

"ओरडला असाल. कानात बोळे असतात आमच्या."

बोळे! यंत्रांच्या आवाजानं कान जातात, आधी बोळे द्या, म्हणून मागच्या महिन्यात फाटकावर घसा फोडणाऱ्यांत पहिला भोंगाच होता. मिळाल्यावर स्वतःचे मात्र खिशात टाकले. गाडी चालवणाऱ्याला ऐकू नको यायला?

बोळे काढा म्हणावं, तर कान जाणार. हॉर्न मागावा, तर तो तरी कुणाला ऐकू येणार? आणि या सगळ्यात आपण नेमकं काय चुकलो?

"गाडीवर फिरता दिवा लावू," चकत्या मोजायला आलेल्या बाई म्हणाल्या. "येईपर्यंत गाडी उभी."

"आणि मी?"

"बघू."

साहेबलोकांच्या तोंडचं 'बघू' म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. त्यानं खिशातले बोळे काढून कानात खुपसले. "हं, मार हाक!" भाचीनं आ वासला, गळ्याच्या शिरा ताणल्या. विहिरीच्या तळातून कुणीतरी कुजबुजल्यासारखं काहीतरी आलं. आणि तो तर नेहमी पोरीच्या पाठीमागूनच गाडी आणत होता.

त्यानं किल्ली बाईंच्या हातावर ठेवली आणि हातगाडी ओढून घेतली. खोक्यांच्या रांगेशी पोचला, तर वाटेत भाची पाठमोरी. सवयीनं तोंडातून "बाजूऽऽ!" निघून गेलं. पोरगी हलली नाही. भोंगा हातगाडी धरून तसाच उभा राहिला, ती वळून बघेपर्यंत. त्याची लाल चकती अजून अंगठ्यालाच होती.