नूरआपांनी मिळवलेलं छत

नंदुरबारला शाळेत शिक्षिका म्हणून लागले आणि खोली बघायला गेले, तेव्हा नूरआपा शेजारच्या दारात शर्टांना काजं करत बसल्या होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "मॅडम, पाऊस लागाना पहिले मालकले सांगी द्या. छत गळस."

मी सांगितलं. आम्हा दोघींच्या खोल्यांचे मालक जवळच्या कोरीट गावचे शेतकरी, बोलायला मऊ. नाही कधीच म्हणत नसत. आधी मिरची निघू द्या म्हणाले, मग कापूस, मग गवंडी मिळेना. मी दोन अर्ज लिहून दिले. दोन्ही त्यांनी नीट घडी करून खिशात ठेवले.

आपांचे यजमान लकव्यानंतर खाटेवरच असायचे. एका दुपारी छताचा पोपडा सुटून त्यांच्या खांद्यावर पडला. त्यांना सरकताही आलं नाही. आपांनी तुकडे झाडून काढले, जखमेला हळद लावली. ओरडल्या नाहीत. कुठल्याही अडचणीवर त्यांचं एकच म्हणणं असे, "जाईसनी बशी पाहूत." दवाखान्यातून यजमानांचा अपंगत्वाचा दाखला त्यांनी असाच तिथे जाऊन, बसून राहून मिळवला होता.

मला म्हणाल्या, मालकांकडे सोबत चला. मी शाळेचं कारण सांगितलं. ते खरं होतं. पण मालक खोली सोडायला सांगतील ही भीतीही होती.

विसरवाडीची बहीण यजमानांजवळ ठेवून त्या एकट्या गेल्या. रोज सकाळी रिक्षाने कोरीट, मालकांचा ओटा आणि मांडीवर शर्ट. मालकांनी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "भाऊ, मी भांडाले नही, बसाले येल शे. तुमले येळ भेटी तवलोंग आठेच बसस."

गल्लीतले लोक विचारू लागले, तशी मालकीणबाई अवघडल्या. पाचव्या दिवशी गवंडी आला. आपांनी त्याच्याकडून माझ्या खोलीचं छतही करून घेतलं.

दोन महिन्यांनी मालकांचा निरोप आला: पुतण्याला खोली हवी आहे. आपांचीच, माझी नाही. मी म्हटलं, या वेळी दोघी जाऊन बसू. त्या सुईत दोरा ओवत होत्या. "आते जीव दमी गया, मॅडम," म्हणाल्या.

बहिणीकडे जायला टेम्पो आला. यजमानांना गादीसकट उचलून आत ठेवलं. मी आपांचा हात धरून म्हटलं, मी तेव्हा तुमच्यासोबत यायला हवं होतं. मला वाटलं, त्या 'जाऊ द्या' म्हणतील.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "हां मॅडम, येवाले जोयजे व्हतं."

त्याला तीन पावसाळे झाले. मी तिथेच राहते. छत गळत नाही.