दुसऱ्या कडव्यातली खोट

मालात खोट काढण्यात माझा हात धरणारा माणूस बेंगळुरात सहज सापडायचा नाही. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या कंपन्या एखादा मजला रिकामा करतात, तेव्हा तिथल्या जुन्या खुर्च्या, टेबलं, कपाटं मी एकदम विकत घेतो. खुर्ची आवडली की आधी तोंड वाकडं करायचं. बसून दोनदा मागे रेलायचं, कुठून तरी कुरकुर काढायची आणि उठून भलत्याच खुर्चीकडे बघत राहायचं. समोरच्याला हे सगळं ठाऊक असतं. तोही तेच करत असतो. आनेकलला एका कारखान्याच्या कँटीनमधली मोडकी स्टुलं दुरुस्त करण्यापासून मी सुरुवात केली, आणि इथवर आलो तो याच विद्येवर. कुणी हात दिला नाही. माझं तोंड कसं घडलं ते कळावं म्हणून एवढं सांगितलं.

आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी वीसेक माणसं गाणी ऐकायला जमतात. प्रसिद्ध गाणी आणायची नाहीत. कुणाला माहीत नसलेलं, पण आपल्याला जिवापाड आवडणारं असंच गाणं आणायचं. ते ऐकून ज्याला हवंसं वाटेल त्याने हात वर करायचा, आठवडाभर रोज ऐकायचं आणि पुढच्या रविवारी त्यात काय सापडलं ते सांगायचं. मग वहीत त्या गाण्यापुढे त्याचं नाव लागतं. तीन रविवार लावूनही हात वर झाला नाही, तर गाण्यावर काट मारतात. पुन्हा ते आणता येत नाही.

माझ्या गाण्यावर काट बसली होती. आमची घरं इथे तीन-चारशे वर्षांपूर्वी आलेली. आमच्या मराठीत कन्नड कुठून सुरू होते ते आम्हालाही सांगता येत नाही. मी आणलेलं भजन त्याच बोलीतलं होतं, आनेकलकडच्या एका गवयाने कधीकाळी कॅसेटवर भरलेलं. मारतहळ्ळीला राहणारी, पुण्याहून नोकरीसाठी आलेली एक मुलगी हसत म्हणाली, "काका, हे मराठीच आहे ना?" सगळे हसले. मीही हसलो. पुढच्या दोन रविवारी कुणी हसलं नाही आणि कुणी हातही वर केला नाही. त्या दिवसापासून ठरवलं, या लोकांच्या एकाही गाण्याला माझा हात मिळणार नाही. दीड वर्ष मी मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसत होतो. एकदा वही सांभाळणाऱ्या गृहस्थांवर पंख्याच्या वेगावरून इतका ओरडलो, की ते पुढचे दोन रविवार आलेच नाहीत.

आमच्यात एक अक्का होत्या. सरकारी प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्याच राहणाऱ्या. त्या एवढं हळू बोलत, की ऐकायला पुढे वाकावं लागे. आता त्या बहिणीकडे नाशिकला कायमच्या जाणार होत्या. जाण्याआधी त्यांनी एक गाणं आणलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी बायकांच्या होस्टेलमध्ये रेडिओवर लागलेलं, टेपवर धरून ठेवलेलं. अंगणात धान्य वाळवणारी बाई चिमण्यांवर रागावते, एवढंच त्यात आहे. त्या म्हणाल्या, चाळीस वर्षांत हे गाणं माहीत असलेलं दुसरं माणूस मला भेटलं नाही. एकाला तरी देऊन जावं असं वाटतं.

पहिल्या रविवारी हात वर झाला नाही. गाणं संथ होतं आणि टेप झिजलेली. पण दुसऱ्या कडव्यात गाणारीचा आवाज एकदम खाली येतो. चिमण्यांवर ओरडता ओरडता ती बाई दमते, मग नुसती बोलल्यासारखी गाते. तिथे माझ्या छातीत काहीतरी हललं. मंडळाच्या ग्रुपवर गाणी टाकतात, तिथून ते उतरवून घेतलं आणि व्हॅनमध्ये लावलं. सिल्क बोर्ड चौकातल्या गर्दीत अडकलो की दोन-दोनदा ऐकायचो. दुसऱ्या रविवारीही कुणी हात वर केला नाही. मीही नाही.

तिसऱ्या रविवारी मी मनाशी सौदा ठरवून गेलो. हे गाणं मी घेईन, पण बदल्यात माझ्या भजनावरची काट काढायची, ते पुन्हा लावायचं. मंडळींना अक्कांचा मान होता. त्यांच्यासाठी कबूल झाली असती. आणि एखादी वस्तू हवी असली की सुरुवात कशी करायची, ते मला एकाच प्रकारे येतं.

गाणं संपल्यावर मी उठलो. तोंड वाकडं केलं. म्हणालो, "टेप खरखरतेय. चाल पुढे सरकत नाही. आणि दुसऱ्या कडव्यात आवाज बसलाय बाईंचा. तिथे गाणं पोकळ होतं."

मग थांबलो. आता समोरून उत्तर यायला हवं होतं. तुम्हाला काय कळतं, असं काहीतरी. त्यावर मी हळूहळू वर येणार होतो.

अक्का मागे वळून माझ्याकडे बघत राहिल्या. "असं वाटलं का तुम्हाला?" त्या म्हणाल्या. मग वहीवाल्यांकडे वळून म्हणाल्या, "असेल. मला गाण्यातलं कळत नाही. काट मारा."

वहीवाल्यांनी काट मारली. "स्वल्प थांबा," मी म्हणालो, पण तोवर खुर्च्या सरकायला लागल्या होत्या, कॉफी आली होती. खरं तर वेळ होता. हात वर करायला असा कितीसा वेळ लागतो? पण इतक्या लोकांसमोर, समोरच्याने उलट एक शब्द न बोलता मीच माघार घ्यायची, हे मला जमलं नाही. मी कॉफी प्यायलो आणि निघालो.

गुरुवारी दुपारी त्यांच्या घरी गेलो. बाहेरच्या खोलीत पुठ्ठ्याची खोकी होती. त्यांनी एका खोक्यावरची पुस्तकं उचलून मला बसायला जागा केली. मी सांगितलं, गाणं चांगलं आहे, मी रोज ऐकतो. त्या समजुतीने हसल्या. माझं मन राखायला आलात, म्हणाल्या. मग म्हणाल्या, रविवारी घरी येऊन पुन्हा ऐकलं आणि तुम्ही म्हणालात ते पटलं. "तिथे पोकळच आहे. इतकी वर्षं माझ्या लक्षात आलं नव्हतं."

मी म्हणालो, आत्ता लावा, आपण दोघं ऐकू. त्यांनी फोनवर लावलं. दुसरं कडवं आलं, तेव्हा त्या फोनकडे नाही, माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. गाणाऱ्या बाईचा आवाज खाली आला आणि माझ्या आत जे व्हायचं ते झालं. पण चेहरा मिटूनच राहिला. आवडलेली वस्तू समोर असताना चेहरा असा ठेवायला मी तीस वर्षं शिकलोय. आता तो उघडायचा म्हटलं तर कुठून उघडायचा?

त्यांनी गाणं थांबवलं. "बघा," त्या म्हणाल्या, "तुम्हालाही पोकळच वाटतंय."

मग मी सगळं सांगितलं. खुर्च्या कशा घेतो ते, माझं भजन, पुण्याच्या मुलीचं हसणं, दीड वर्षाचा राग. सांगताना आवाज चढला माझा. तो राग अजूनही गेलेला नाही, खोटं कशाला बोलू? त्या ऐकत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "म्हणजे ते पोकळ तुम्हाला वाटलं नव्हतं? मग तसं म्हणालात का?"

"भाव पाडायला," मी म्हणालो.

त्यांनी फोन बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "मी विकत नव्हते हो."

मी म्हणालो, या रविवारी काट काढायला लावतो, सगळ्यांसमोर हात वर करतो. त्या म्हणाल्या, रविवारी मी नसेन, शनिवारची गाडी आहे. मग मी म्हणालो, तरी गाणं मी घेतो.

"घ्या," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. रद्दीवाल्याला गठ्ठा दाखवावा तसं म्हणाल्या, आणि पुस्तकं पुन्हा खोक्यात भरायला लागल्या.

मी काही उचलू लागू का म्हणून विचारलं. नको म्हणाल्या. निदान थोडी तरी घासाघीस करायची होती त्यांनी माझ्याशी, असं जिना उतरताना वाटत राहिलं.