आजाचा किल्ला

पांढरकवड्याच्या हायवेवर एक काका पंक्चर काढतात. माणसांशी कमी आणि चाकाशी जास्त बोलतात, "थांब ना बापू, झालंच."

त्यांचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या फौजेतून लढताना इटलीत मारले गेले, नदीखोऱ्यातल्या रस्त्यावर पहारा देणाऱ्या एका लष्करी किल्ल्यापाशी. घरातल्या कोणीच ती जागा पाहिली नव्हती. माझा भाचा नोकरीसाठी तिकडे असतो. माझ्या सांगण्यावरून त्याने त्या किल्ल्याचा व्हिडिओ पाठवला, तेव्हा मी तो दाखवायला गेलो.

त्यांनी साबणाने हात धुतले, चपला काढल्या आणि मग मोबाईल घेतला. पडक्या भिंती, गवत, खाली नदी. बराच वेळ ते पाहत राहिले.

"तिथं कोनी राह्यते काय, सर?"

"नाही. ओसाड आहे."

"मंग आजा एकटाच असन."